तबकडी शाबूत, यंत्र चालू, तरी आवाज नाही : जुन्या ध्वनितबकड्यांच्या सुसंगततेचा इतिहास

फेब्रुवारी २०२५मध्ये सोनीने कोऱ्या मिनीडिस्कचे उत्पादन थांबवले. भारतात ही बातमी फारशी कुणाच्या लक्षात आली नाही, आणि त्यात नवल काही नाही. आपल्याकडे कॅसेटनंतर सीडी आली, सीडीच्या पाठोपाठ एमपी-थ्री आले. चौकोनी डबीत बंद असलेली ही चिमुकली तबकडी सर्वसामान्य दुकानांत रुजलीच नाही. बातमीतला एक तपशील मात्र विलक्षण आहे. मिनीडिस्क वाजवणारी सोनीची शेवटची यंत्रे २०१३मध्येच बाजारातून गेली होती. म्हणजे जवळजवळ बारा वर्षे ही कंपनी अशा यंत्रांसाठी तबकड्या बनवत होती, जी ती स्वतः आता बनवत नव्हती. कुणीतरी त्या विकत घेत होते, आणि घेणाऱ्या प्रत्येकाला एकच चिंता असे : ही तबकडी माझ्या यंत्रात चालेल का?

प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर मात्र पदार्थविज्ञान, गणित आणि व्यापार या तिघांना मिळूनच देता येते. तबकडी आणि यंत्र यांचे जुळणे निदान तीन पातळ्यांवर घडावे लागते. तबकडी यंत्रात बसली पाहिजे, यंत्रातील प्रकाशाला ती दिसली पाहिजे, आणि दिसलेल्या खुणांचा अर्थ यंत्रातील चिपला कळला पाहिजे. पहिली पातळी डोळ्यांना दिसते म्हणून माणसे तिच्यावरच विसंबतात. फसगत होते ती उरलेल्या दोन पातळ्यांवर.

सीडीच्या जन्माच्या वेळी हा गुंता नव्हता. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८०मध्ये जे प्रमाणक ठरवले, ते ‘रेड बुक’ या नावाने ओळखले जाते. व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, मधले भोक १५ मिलिमीटर, सर्पिल मार्गाच्या दोन फेऱ्यांमधील अंतर १.६ मायक्रोमीटर, वाचणाऱ्या लेझरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, दर सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. यातील ४४,१०० हा आकडा विद्यार्थ्यांना नेहमी कोड्यात टाकतो. मानवी कान सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणून नमुने त्याच्या दुपटीहून थोडे अधिक हवेत, हे खरे. पण नेमके ४४,१००च का? याचे उत्तर कानात नाही, व्हिडिओ टेपमध्ये आहे. त्या काळी एवढी अंकीय माहिती साठवण्यासाठी हाताशी असलेले सोयीचे साधन म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर. चित्राच्या प्रत्येक रेषेत तीन नमुने बसवायचे, प्रत्येक क्षेत्रात वापरण्याजोग्या २४५ रेषा, सेकंदाला ६० क्षेत्रे : गुणाकार ४४,१००. युरोपीय पद्धतीत २९४ रेषा आणि ५० क्षेत्रे : गुणाकार पुन्हा ४४,१००. दोन खंडांच्या दूरदर्शन-पद्धतींना एकाच वेळी चालणारा आकडा निवडला गेला. सुसंगततेची काळजी या प्रमाणकाच्या मुळातच होती, असे म्हणायला हरकत नाही.

ऑक्टोबर १९८२मध्ये जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर विक्रीला आला आणि १९८४च्या नोव्हेंबरमध्ये सोनीचा डी-५० हा हातात धरून नेता येण्याजोगा प्लेअर. दिवाणखान्यातली तबकडी जशीच्या तशी या छोट्या यंत्रात वाजत होती. सर्वत्र एकच सीडी, सर्वत्र एकच प्लेअर, अशी ही स्थिती काही वर्षे टिकली. ती मोडली ती घरच्या घरी सीडी लिहिण्याची सोय आल्यावर.

छापील सीडीत ॲल्युमिनियमच्या आरशावर सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांची उंची प्लास्टिकमधील लेझरच्या तरंगलांबीच्या सुमारे चतुर्थांश असते; त्यामुळे उंचवट्यावरून आणि भोवतालच्या सपाटीवरून परतलेले किरण एकमेकांना बव्हंशी खोडतात आणि प्रकाश-संवेदकाला तिथे अंधार दिसतो. लिहिता येणाऱ्या सीडी-आरमध्ये उंचवटे नसतात, रंगद्रव्याचा थर असतो. लेखन-लेझरने तो जिथे भाजला जातो तिथे ७८० नॅनोमीटरच्या प्रकाशाला तसाच अंधार दिसतो. नक्कल इतकी हुबेहूब की बहुतेक जुने प्लेअर फसतात, आणि त्यांनी फसावे हाच तर उद्देश होता. पण ही फसवणूक एकाच रंगाच्या प्रकाशासाठी रचलेली आहे. डीव्हीडी प्लेअर आले तेव्हा त्यांचा लेझर ६५० नॅनोमीटरचा होता. त्या लाल प्रकाशात सीडी-आरचे रंगद्रव्य हवे तसे वागत नाही. म्हणून सुरुवातीचे काही डीव्हीडी प्लेअर छापील सीडी बिनतक्रार वाजवत आणि सीडी-आर टाकली की गप्प बसत. पुढे उत्पादकांना यंत्रात दुसरा, जुन्या तरंगलांबीचा लेझर बसवावा लागला.

पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूची अडचण आणखी निराळी. तिच्यात मिश्रधातूचा थर स्फटिकी आणि अस्फटिकी अवस्थांमध्ये बदलतो. छापील सीडी पडलेल्या प्रकाशापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत पाठवते; सीडी-आरडब्ल्यू पंधरा ते पंचवीस टक्केच. उजळ आरशाची सवय असलेल्या जुन्या डिस्कमनला ती काळोखी खोली वाटते. ज्या यंत्रांत संवेदकाचे वर्धन आपोआप वाढवण्याची सोय आहे तीच ती वाचतात. तबकडीवर कितीही वेळा पुन्हा लिहिले तरी इथे फरक पडत नाही. दोष लिखाणाचा नसून प्रकाशाच्या हिशेबाचा आहे. लिखाणाचा दोष वेगळ्या ठिकाणी सापडतो. सीडी-आर ‘बंद’ केली नसेल, म्हणजे तिची अंतिम अनुक्रमणिका लिहिली गेली नसेल, तर साध्या प्लेअरला त्या तबकडीवर काय कुठे आहे हेच समजत नाही. अशा ‘कोऱ्या’ दिसणाऱ्या कितीतरी तबकड्या लिहिणाऱ्या यंत्रात परत टाकताच बोलू लागतात.

तिसऱ्या पातळीवरचा, म्हणजे अर्थाच्या पातळीवरचा, विसंवाद भारतीयांना सर्वांत जवळचा आहे. २०००नंतरच्या दशकात दिल्लीच्या पालिका बाजारापासून गावोगावच्या बसस्थानकांपर्यंत एमपी-थ्री सीडींचे ढीग दिसत. एका तबकडीवर शे-दीडशे गाणी. हिशेब सोपा आहे : सेकंदाला १२८ किलोबिट या दराने एक मिनिट सुमारे एक मेगाबाइटमध्ये मावते, तबकडी ७०० मेगाबाइटची, म्हणजे साधारण बारा तास. पण ती सीडी १९९०च्या दशकातील प्लेअरमध्ये घातली तर? तबकडी बसते, लेझरला दिसते, फिरतेही. चिपला मात्र ध्वनीचे नमुने अपेक्षित असतात आणि मिळतात संगणकाच्या फाइली. सीडीच्या मार्गालगत चालणाऱ्या नियंत्रण-माहितीत ‘हा ध्वनी नव्हे, ही आकडेवारी आहे’ असे सांगणारा एक बिट असतो. जी यंत्रे तो बिट पाहतात ती गप्प राहतात. अगदी सुरुवातीच्या काही यंत्रांनी तो पाहण्याची तसदी घेतली नव्हती. त्यांनी फाइलींनाच ध्वनी मानून असा कर्कश खरखराट केला की स्पीकरला इजा व्हावी. फाइलींच्या नावांचा त्रास वेगळाच. मूळ प्रमाणकात नाव आठ रोमन अक्षरांचे आणि वर तीन अक्षरांचे शेपूट. युनिकोड नावांसाठी ‘जोलिएट’ हा विस्तार नंतर आला खरा, पण देवनागरीत दिलेली नावे छोट्या प्लेअरच्या पडद्यावर चौकटी आणि प्रश्नचिन्हे होऊनच उमटत.

या तबकड्यांच्या निर्मितीत भारताचा वाटा मोठा होता, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. १९८३मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या मोझर बेअर इंडिया या कंपनीने फ्लॉपीनंतर १९९९च्या सुमारास सीडी-आर बनवायला घेतल्या आणि काही वर्षांतच ती जगातील अग्रगण्य प्रकाशीय-तबकडी उत्पादकांमध्ये गणली जाऊ लागली. पुढे तिने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकून चोरट्या बाजारालाच आव्हान दिले. पेन ड्राइव्ह आणि इंटरनेटपुढे तो व्यवसाय टिकला नाही; २०१८मध्ये कंपनी अवसायनात गेली. तिच्या तबकड्या मात्र देशभरच्या कपाटांत आहेत. लिहिता येणाऱ्या प्रत्येक सीडीच्या नागमोडी खोबणीत उत्पादकाचा संकेत आणि रंगद्रव्याचा प्रकार नोंदलेला असतो. योग्य सॉफ्टवेअरने तो वाचता येतो. तबकडीवरचे लेबल काहीही सांगो, खोबण खोटे बोलत नाही.

आता पुन्हा मिनीडिस्ककडे. या विषयातले सर्वांत सुंदर पदार्थविज्ञान तिच्या पोटात आहे.

सोनीने मिनीडिस्क नोव्हेंबर १९९२मध्ये जपानमध्ये आणली. ६४ मिलिमीटरची तबकडी, ७२ गुणिले ६८ मिलिमीटरच्या डबीत. एवढ्या जागेत ७४ मिनिटे संगीत बसवण्यासाठी ध्वनी आवळणे भाग होते. सीडीचा दर सेकंदाला १,४११ किलोबिट. मिनीडिस्कच्या ‘एट्रॅक’ संकेतनाचा २९२. साधारण पाचपैकी चार भाग वगळले जातात, आणि ते कोणते वगळायचे हे मोठ्या आवाजाच्या आड लहान आवाज झाकला जातो या कानाच्या गुणधर्मावरून ठरते. आवळल्यामुळे आणखी एक फायदा झाला. तबकडीवरून माहिती भराभर वाचून स्मृतीत साठवता येई आणि सावकाश वाजवता येई. पहिल्या यंत्रात सुमारे दहा सेकंदांचा असा साठा होता. धावताना किंवा बसच्या हादऱ्यांत सीडी प्लेअर अडखळे, मिनीडिस्क अडखळत नसे.

मिनीडिस्कचे दोन प्रकार होते. संगीत-कंपन्यांनी छापलेली तबकडी सीडीसारखीच, उंचवटे-सपाटीची. कोरी तबकडी मात्र चुंबकीय-प्रकाशीय. तिच्यावर टर्बियम, लोह आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो. खालून लेझर त्या थरावरचा एक ठिपका सुमारे १८० अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे त्याच्या क्युरी तापमानापर्यंत, तापवतो. त्या तापमानाला पदार्थ आपले चुंबकत्व विसरतो. वरच्या बाजूने एक चुंबकीय शीर्ष उत्तर किंवा दक्षिण दिशेचे क्षेत्र लावते. ठिपका थंड होताना ती दिशा त्याच्यात गोठून राहते. लेझर नसेल तर तेच चुंबकीय क्षेत्र थराचे काही बिघडवू शकत नाही. म्हणूनच मिनीडिस्क कॅसेटपेक्षा चुंबकांना कितीतरी निर्धास्त.

वाचन त्याहून नाजूक. १८७७मध्ये स्कॉटिश वैज्ञानिक जॉन केर यांनी दाखवले होते की चुंबकित पृष्ठभागावरून परावर्तित होताना प्रकाशाच्या ध्रुवणाचे प्रतल किंचित फिरते. मिनीडिस्कमध्ये हे फिरणे अंशाहूनही कमी असते. दिशा उत्तर असेल तर एका बाजूला, दक्षिण असेल तर दुसऱ्या. परतलेला किरण प्रिझमने दोन ध्रुवणांत विभागून दोन संवेदकांवर टाकला जातो. संवेदकांच्या संकेतांची वजाबाकी केली की चुंबकीय दिशा कळते. त्याच संकेतांची बेरीज केली की छापील तबकडीचे उंचवटे दिसतात. एकच लेझर, तेच दोन संवेदक. बेरीज करायची की वजाबाकी, एवढ्यावर दोन भिन्न जातींच्या तबकड्या एका यंत्रात चालतात. अभियांत्रिकीत सुसंगतता इतक्या कमी खर्चात क्वचितच साधली गेली असेल. हातात असलेली तबकडी कोणत्या जातीची हे ओळखण्याची खूणही डबीवरच असते : छापील मिनीडिस्कचे सरकते झाकण खालच्याच बाजूला उघडते, कोऱ्याचे दोन्ही बाजूंना, कारण वरून चुंबकीय शीर्षाला वाट हवी.

अडचणी सुरू झाल्या त्या सुधारणांबरोबर. २०००मध्ये ‘एमडीएलपी’ आले. त्यात दोन नव्या पद्धती होत्या, १३२ आणि ६६ किलोबिटांच्या. ८० मिनिटांच्या तबकडीवर अनुक्रमे १६० आणि ३२० मिनिटे मावू लागली. ही तबकडी १९९५च्या यंत्रात घातली तर काय व्हावे? एमपी-थ्रीच्या बाबतीत जुन्या सीडी प्लेअरांनी केले तसा खरखराट होऊ शकला असता. सोनीच्या अभियंत्यांनी हे आधीच हेरले होते. नवी माहिती अशा रीतीने मांडली गेली की जुने यंत्र तिचा अर्थ ‘शांतता’ असा लावते. गाण्याच्या नावाच्या आधी ‘एलपी’ ही अक्षरेही रोमन लिपीत लिहिली जात, म्हणजे श्रोता यंत्र बिघडले असे समजून दुकानात धाव घेणार नाही. काउंटर पुढे सरकतो, तबकडी फिरते, कानात काही नाही. ही शांतता म्हणजे दोष नव्हे. पुढच्या पिढीने मागच्या पिढीसाठी सोडलेली चिठ्ठी होती.

२००४च्या ‘हाय-एमडी’ने हे सौजन्य सोडले. एक गिगाबाइटची नवी तबकडी आली. तीत चुंबकीय ठिपके लेझरच्या टिंबापेक्षाही लहान होते. वाचताना उष्णतेच्या उताराने ठिपक्याची भिंत सरकवून तो क्षणभर फुगवायचा आणि मग वाचायचा, अशी अफलातून युक्ती तिच्यात होती. न आवळलेला, सीडीच्या तोडीचा ध्वनी तिच्यावर ९४ मिनिटे मावे. हाय-एमडी यंत्रे जुन्या मिनीडिस्क वाजवत. जुन्या यंत्रांना मात्र ही तबकडी सर्वस्वी परकी. त्याहून घातक गोष्ट अशी की जुनी ८० मिनिटांची तबकडीही नव्या यंत्रात हाय-एमडी पद्धतीने सजवता येई. मग तिच्यात ३०५ मेगाबाइट मावत, आणि बाहेरून ती पूर्वीसारखीच दिसे. डबी तीच, थर तोच, पण १९९०च्या दशकातल्या यंत्राला ती आता निरुपयोगी.

इथपर्यंत प्रश्न गैरसोयीचा होता. जिथे मिनीडिस्क गाणी ऐकण्यासाठी न वापरता ध्वनी गोळा करण्यासाठी वापरली गेली, तिथे तो गंभीर होतो. खिशात मावणारे, मायक्रोफोन लावता येणारे, टेपसारखी सरसर न वाढवणारे हे यंत्र रेडिओचे वार्ताहर, लोकसंगीताचे आणि भाषांचे अभ्यासक, पक्ष्यांचे आवाज टिपणारे निसर्गप्रेमी यांनी जगभर उचलले. त्या तबकड्यांवर जे आहे त्याची दुसरी प्रत बहुधा कुठेच नाही. आणि नेमक्या अशा मुद्रणांसाठीच बाहेर पडण्याची वाट अरुंद ठेवली गेली. २००१पासूनच्या ‘नेट-एमडी’ यंत्रांना यूएसबी जोडणी होती, पण ती प्रामुख्याने एकदिशा : संगणकातून तबकडीकडे. तबकडीवरचे स्वतःचे मुद्रण संगणकात आणायचे तर हेडफोनच्या खाचेत तार लावून जितक्या वेळेचे मुद्रण तितका वेळ वाजवत बसणे एवढाच मार्ग. कारण तांत्रिक नव्हतेच. संगीत-उद्योगाला प्रतींची धास्ती होती आणि सोनी ही यंत्रांबरोबर गाणीही विकणारी कंपनी होती. हाय-एमडी यंत्रांनी नव्या पद्धतीचे मुद्रण संगणकात नेऊ दिले, तेही सुरुवातीला कुलूपबंद आणि अटींसह. जुन्या पद्धतीच्या मिनीडिस्कवरील मुद्रण यूएसबीने थेट बाहेर काढू देणारे सोनीचे एकमेव वहनीय यंत्र म्हणजे २००६चे एमझेड-आरएच-१. ते आले तेव्हा हे तंत्र अस्ताला चालले होते.

अलीकडच्या वर्षांत या कुलपाची दुसरी किल्ली सापडली आहे. हौशी प्रोग्रॅमरांनी नेट-एमडी यंत्रांच्या अंतर्गत सॉफ्टवेअरचा अभ्यास करून, सोनीच्या अनेक जुन्या वहनीय यंत्रांतून मूळ एट्रॅक माहिती ब्राउझरमार्फत जशीच्या तशी काढण्याची सोय केली. हा फरक निव्वळ वेगाचा नाही. हेडफोनमधून काढलेला ध्वनी एकदा अंकीय-ते-सदृश असा रूपांतरित होतो आणि पुन्हा उलटा. दर वेळी थोडा गोंगाट मिसळतो. मूळ बिट मिळाले तर मुद्रणाच्या क्षणी जे नोंदले गेले तेच हाती येते, ना कमी ना जास्त.

भारतातील ध्वनिसंग्रहांना या सगळ्याशी थेट देणेघेणे आहे. १९८२पासून काम करणारे, सध्या गुरुग्राममध्ये असलेले अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे लोकसंगीत-संशोधन केंद्र असो, किंवा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रातील राष्ट्रीय सांस्कृतिक दृक्-श्राव्य अभिलेखागार असो, अशा संस्थांचे काम अभ्यासकांनी आणि इतर संस्थांनी जमवलेल्या मुद्रणांवरच उभे असते. संशोधकाच्या मृत्यूनंतर घरच्यांनी आणून दिलेल्या पेटीत कॅसेट, डॅट, सीडी-आर आणि मिनीडिस्क यांची सरमिसळ असणे स्वाभाविक आहे. टेपच्या ऱ्हासाची चर्चा बरीच होते, तबकड्यांची कमी, कारण त्या डोळ्यांना नव्यासारख्या दिसतात. पण सीडी-आरचे रंगद्रव्य ऊन आणि दमटपणा सोसत नाही, आणि मिनीडिस्कचा चुंबकीय थर दीर्घकाळ टिकला तरी त्याला वाचणारी यंत्रे टिकत नाहीत. त्यांचे रबरी पट्टे सैल होतात, लेझर क्षीण होतात, आणि च्युइंगमच्या पट्टीसारख्या दिसणाऱ्या त्यांच्या खास बॅटऱ्या मिळेनाशा होतात.

अशी पेटी उघडणाऱ्याने मिनीडिस्क यंत्रात सारण्याआधी एक छोटी गोष्ट करायची असते. या तबकडीवर संगीताचे तुकडे कुठे कुठे आहेत हे आतल्या कडेजवळच्या एका छोट्या अनुक्रमणिकेत लिहिलेले असते, आणि ती पुन्हा लिहिता येते. गाणे ‘पुसले’ तरी सहसा फक्त ही नोंद जाते, ध्वनी मागे राहतो. म्हणूनच चुकून पुसलेल्या तबकड्या जाणकारांना परत वाचवता येतात. उलट, ध्वनी सुखरूप असताना नोंद बिघडली तर यंत्राला तबकडी रिकामी दिसते. त्यात ती कोरी समजून कुणी हाय-एमडी यंत्रात नवे मुद्रण सुरू केले, तर सारेच संपते. डबीच्या कडेला एक सरकती कळ असते. ती सरकवून तिथली छोटी खिडकी उघडी केली की यंत्र वाचू शकते, लिहू शकत नाही. आधी ती खिडकी उघडायची, मग झाकणाची बाजू पाहून जात ओळखायची, मग यंत्र निवडायचे.